इंडियन ओक्स : फक्त माद्यांसाठी वेगळी शर्यत कशाला?

हिवाळा आला की महालक्ष्मीचं रेसकोर्स दोन कारणांनी बातम्यांत येतं. एक कारण जमिनीचं. २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानाला आणि उरलेली ९१ एकर रेसिंगला, असा निर्णय २०२४ मध्ये झाला आणि त्यावरची चर्चा अजून थांबलेली नाही. दुसरं कारण इंडियन डर्बी ही घोड्यांची गाजलेली शर्यत, म्हणजे खरं तर डर्बीला आलेल्या मंडळींच्या टोप्या आणि कपडे. डर्बीच्या थोडं आधी, एरवी जानेवारीच्या उत्तरार्धात, याच मैदानावर इंडियन ओक्स ही दुसरी शर्यत होते. अंतर २४०० मीटर, पळणाऱ्या सगळ्या चार वर्षांच्या माद्या, नर एकही नाही. तिची बातमी क्रीडापानाच्या कोपऱ्यात चार ओळींत आटोपते.

ज्याला रेसमधलं काही कळत नाही त्याला ती बातमी वाचून साहजिक प्रश्न पडतो की डर्बीत माद्यांना बंदी नसताना हा वेगळा खटाटोप कशासाठी. उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे. माझ्या मते भारतात पुढची घोडी कशी जन्माला येतील यावर डर्बीइतकाच, किंबहुना जास्त, परिणाम या शर्यतीचा होतो.

पाच शर्यती, एकच पिढी

क्लासिक म्हणजे एकाच वयाच्या घोड्यांमधला सर्वांत चांगला कोण हे ठरवणारी शर्यत. ती संधी घोड्याला आयुष्यात एकदाच मिळते, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येत नाही. भारताने ब्रिटनच्या पाच क्लासिक्सची रचना उचलली. डिसेंबरमध्ये महालक्ष्मीला गिनीज नावाच्या १६०० मीटरच्या दोन शर्यती होतात, त्यातली वन थाउजंड गिनीज फक्त माद्यांची. मग २४०० मीटरच्या ओक्स आणि डर्बी. शेवटी पावसाळी मोसमात पुण्याला २८०० मीटरची सेंट लेजर. पळणारे घोडे भारतात जन्मलेलेच असावे लागतात.

चार वर्षांपर्यंतच्या मादीला रेसमध्ये फिली म्हणतात. पाचव्या वर्षापासून ती मेअर, म्हणजे पूर्ण वाढलेली घोडी.

इथे वयाचा एक घोळ होतो. भारतात सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा, म्हणजे शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीच्या घोड्यांचा, अधिकृत वाढदिवस एकच, १ जानेवारी. शिंगरू फेब्रुवारीत जन्मलेलं असो की मे महिन्यात, पुढच्या १ जानेवारीला ते एक वर्षाचं धरलं जातं. म्हणून डिसेंबरच्या गिनीजमध्ये तीन वर्षांची असलेली फिली काही आठवड्यांनी ओक्समध्ये चार वर्षांची होऊन उतरते. घोडी तीच, कागदावरचं वय बदललेलं. यात एक बारीक अन्यायही आहे. मे महिन्यात जन्मलेली फिली जानेवारीत जन्मलेलीपेक्षा खरोखरच चार महिन्यांनी लहान असते, पण शर्यतीत पाठीवर वाहायचं वजन दोघींना सारखंच मिळतं. वाढत्या वयात चार महिने म्हणजे बरंच काही.

ओक्स हे नाव इंग्लंडमधल्या एका घराचं आहे. बारावे अर्ल ऑफ डर्बी यांचं एप्समजवळ ‘द ओक्स’ नावाचं घर होतं. त्या घरावरून नाव दिलेली फिलींची शर्यत १७७९ मध्ये एप्समला पहिल्यांदा झाली आणि अर्लच्याच ब्रिजेट नावाच्या फिलीने ती जिंकली. डर्बी आली त्याच्या पुढच्या वर्षी, १७८० मध्ये. जगभर जिचा गाजावाजा होतो ती डर्बी ओक्सची धाकटी बहीण आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

सगळ्यांच्या पाठीवर सारखं वजन

रोजच्या बहुतेक रेस हँडीकॅप असतात. ज्याची कामगिरी चांगली त्याच्या पाठीवर जास्त वजन, ज्याची बेताची त्याच्या पाठीवर कमी. जॉकीचं, म्हणजे स्वाराचं, वजन कमी पडलं तर जीनमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात. हेतू असा की कुणीही जिंकू शकावं आणि चुरस टिकावी.

ओक्समध्ये ही उठाठेव नाही. सगळ्या फिली एकाच वजनावर पळतात, म्हणून इथला निकाल वजनाच्या हिशेबाने झाकला जात नाही. हँडीकॅप जिंकलेली घोडी हुशारीने दिलेल्या सवलतीमुळेही जिंकलेली असू शकते. ओक्स जिंकलेलीबद्दल तसं म्हणता येत नाही.

अडीच मिनिटांत शरीरात काय घडतं

२४०० मीटर पळायला चांगल्या घोडीला साधारण अडीच मिनिटं लागतात. ऐकायला थोडं वाटतं. पण त्या वेळात तिच्या शरीरात जे चालतं ते पाहिलं की हे अंतर वेगळंच भासायला लागतं.

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. जी हवा लागेल ती दोन नाकपुड्यांतूनच. शिवाय चौखूर पळताना श्वास ढांगेला बांधलेला असतो, एका ढांगेला एक श्वास. पुढचे पाय जमिनीवर टेकतात तेव्हा हवा बाहेर जाते, अंग पुढे झेपावतं तेव्हा आत येते. दमलो म्हणून दोन श्वास जास्त घेऊ, ही सोय तिला नाही. २४०० मीटरमध्ये तिला साधारण साडेतीनशे ढांगा टाकाव्या लागतात, म्हणजे श्वासही तितकेच. नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ३० ते ४० असते, ती शर्यतीत २२० च्या वर जाते.

आणखी एक विलक्षण गोष्ट पानथरीची, म्हणजे प्लीहेची. घोड्याच्या पानथरीत तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा असतो. पळायला सुरुवात झाली की ती आकसते आणि हा साठा रक्तात सोडते. विश्रांतीच्या वेळी रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असतं, ते ६० टक्क्यांच्या वर जातं. रक्त दाट होतं, प्राणवायू जास्त वाहून नेतं, आणि हृदयाला ते दाट रक्त ढकलावंही लागतं. ज्या घोडीचं हृदय मोठं आणि दमदार ती शेवटच्या ४०० मीटरमध्ये वेगळी दिसते.

म्हणूनच गिनीज जिंकलेली फिली ओक्स जिंकेलच असं नाही. १६०० मीटरला वेग पुरतो, २४०० ला दम लागतो. हा फरक बराचसा जन्मजात आहे. २०१० मध्ये डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाचे दोन प्रकार थरोब्रेडमध्ये असतात. आईबापांकडून एकाच प्रकारच्या दोन प्रती मिळाल्या तर घोडा कमी अंतराचा वेगवान होतो, दुसऱ्या प्रकारच्या दोन मिळाल्या तर लांब पल्ल्याचा, आणि एकेक मिळाली तर मधल्या अंतराचा. अर्थात जनुक म्हणजे सगळं भविष्य नाही. त्यात तालीम, स्वभाव आणि जॉकीचा हात येतोच. घोडी पहिल्या हजार मीटरमध्ये लगाम ओढत सुटली तर कुठलंही जनुक तिला शेवटी तारत नाही. ओक्समधल्या जॉकीचं अर्धं कौशल्य घोडीला शांत ठेवण्यात असतं.

माद्या कमजोर म्हणून ही सवलत का?

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा येतो.

माणसांमध्ये अव्वल पुरुष धावपटू आणि अव्वल स्त्री धावपटू यांच्या वेळेत साधारण १० टक्क्यांचं अंतर असतं. घोड्यांमध्ये तेवढं अंतर असतं तर २४०० मीटरच्या शर्यतीत मादी पंधरा सेकंद मागे पडली असती, म्हणजे सुमारे २४० मीटर. नर जिंकून परतायला लागला असता तेव्हा ती शेवटच्या वळणानंतर कुठेतरी असती. प्रत्यक्षात असं काहीच होत नाही. नराचे स्नायू सरासरीने थोडे जास्त असतात, पण फरक इतका लहान की तो वजनाने भरून काढता येतो. पॅरिसच्या जगप्रसिद्ध आर्क द त्रिऑम्फ शर्यतीत माद्यांना नरांपेक्षा फक्त दीड किलो वजन कमी असतं. तेवढ्यावर ट्रेव्ह नावाच्या मादीने २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षं ती जिंकली, एनेबलने २०१७ आणि २०१८ मध्ये तेच केलं. जपानच्या आल्मंड आयने २०१८ च्या जपान कपमध्ये २४०० मीटर २ मिनिटं २०.६ सेकंदांत पार केले, तेव्हा तो विक्रम होता आणि मागे पडलेल्यांत तगडे नर होते. ऑस्ट्रेलियाची विंक्स २०१९ मध्ये निवृत्त झाली ती लागोपाठ ३३ शर्यती जिंकून.

इतकं दूर जायचीही गरज नाही. महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी १९४३ मध्ये झाली आणि ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या फिलीने. २०१० ची डर्बी जॅकलिनने जिंकली, तीही फिलीच.

म्हणजे कमजोरीचं उत्तर इथे लागू पडत नाही. खरं उत्तर मैदानाबाहेर, घोड्यांची पैदास होते त्या स्टड फार्मवर आहे.

खरं बक्षीस मैदानाबाहेर

एक चांगला नर एका मोसमात शंभरहून जास्त माद्यांशी जुगवला जाऊ शकतो. घोडीचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा, वर्षाला एक शिंगरू. आयुष्यभरात दहा-बारा झाली तरी खूप. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, तसं जन्मलेल्या शिंगराची नोंदच होत नाही. त्यामुळे संख्या वाढवायला दुसरा मार्ग नाही.

याचा परिणाम असा की नर थोडेच निवडावे लागतात, पण माद्या शेकड्यांनी लागतात. नरांतले अगदी वरचे मूठभर स्टडला जातात, बाकीच्यांची पुढे पिढी चालत नाही. माद्यांतल्या मात्र बऱ्याच जणी आई होतात. मग त्या शेकड्यांतून कुणाला ठेवायचं, कुणाला कोणत्या नराकडे न्यायचं, हे कशावर ठरवणार? फक्त डर्बी असती तर अगदी वरच्या एक-दोन फिली उतरल्या असत्या आणि बाकीच्यांची २४०० मीटरवर कधी परीक्षाच झाली नसती. ओक्स ती परीक्षा एका दमात घेते.

या निकालाची नोंद कॅटलॉगमध्ये होते. घोडी किंवा तिचं शिंगरू लिलावात येतं तेव्हा एक पान छापलेलं असतं. ते पान आपल्याकडच्या स्थळाच्या माहितीपत्रकासारखं वाचतात, फक्त इथे वडिलांपेक्षा आजोळ जास्त बारकाईने तपासलं जातं. आई कोण, आजी कोण, मावश्या काय जिंकल्या. वरच्या दर्जाच्या शर्यतीत जिंकलेल्या किंवा पहिल्या तिघांत आलेल्या घोड्याचं नाव त्या पानावर ठळक अक्षरांत येतं. या ठळक नोंदीला ब्लॅक टाइप म्हणतात. ओक्समध्ये तिसरी आलेली फिलीसुद्धा ती नोंद मिळवते आणि ती तिच्या मुलीच्या, नातीच्या पानावर येत राहते. म्हणून ओक्सच्या शेवटच्या पन्नास मीटरमध्ये तिसऱ्या जागेसाठी जॉकी जिवाच्या आकांताने लढताना दिसतात. ते दृश्य मला पहिल्या जागेच्या झुंजीपेक्षाही बोलकं वाटतं.

आजोळ पाहण्यामागे जुनी समजूत आहे तसं थोडं शास्त्रही आहे. पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया शिंगराला फक्त आईकडून मिळते. दमाच्या खेळात ही बाब किरकोळ म्हणता येणार नाही.

एक उदाहरण पुरेसं आहे. अर्बन सी नावाच्या फिलीने १९९३ ची आर्क जिंकली. तिचा मुलगा गॅलिलिओ याने २००१ ची एप्सम डर्बी जिंकली आणि पुढे तो जगातला सर्वांत प्रभावी स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर, झाला. तिचाच दुसरा मुलगा सी द स्टार्स याने २००९ मध्ये डर्बी आणि आर्क दोन्ही जिंकल्या. तिची आर्क पाहताना लोकांनी फक्त एक शर्यत पाहिली, तिचं मोल कळायला सोळा वर्षं गेली.

महाराष्ट्राशी याचा नुसता मैदानापुरता संबंध नाही. थरोब्रेडच्या जन्मनोंदी ठेवणारं भारताचं स्टड बुक रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहे, तोच क्लब ओक्सही भरवतो. पुण्याजवळ पूनावाला स्टड फार्म १९४६ पासून आहे. ओक्सचा निकाल लागला की तो अशा फार्मवर कोरड्या कुतूहलाने वाचला जात नाही. कुणाच्या तरी घोडीची बहीण पळालेली असते, कुणाची भाची.

मग सर्वोत्तम फिलीला थेट डर्बीतच का उतरवू नये?

उतरवतातही. दोन्ही शर्यतींमध्ये थोडेच दिवस असतात आणि ट्रेनरला निवड करावी लागते. एकदा २४०० मीटर जीव तोडून पळालेली घोडी इतक्या लवकर पुन्हा तशीच पळेल याची खात्री नसते. खुराक सोडलेली, वजन उतरलेली, पाय थोडा गरम लागणारी घोडी तिची रोज देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला सर्वांत आधी कळते, आणि शहाणा ट्रेनर त्याचं ऐकतो. ओक्स सोडून डर्बीचा धोका पत्करायचा, की ओक्सचा ठळक शिक्का आधी पदरात पाडून घ्यायचा, हा प्रत्येक मालकाचा आपापला हिशेब. ज्या फिलीच्या आजोळी अजून मोठं नाव नाही तिला ओक्समध्ये पळवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

या सगळ्यात घोडीचं काय?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाचशे किलोच्या आसपासचं जनावर पूर्ण वेगात असताना काही क्षण सगळा भार एका पायावर येतो आणि तो शरीराच्या वजनाच्या अडीचपट असतो. पाय मोडला तर घोड्याला वाचवणं फार अवघड. धोका खरा आहे, तो लपवून या खेळावर प्रेम करता येत नाही. मैदानाची माती आणि गवत कसं राखलंय, लंगडणाऱ्या घोडीला पशुवैद्य वेळेवर थांबवतो का, यावर बरंच अवलंबून असतं.

माद्यांच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. शर्यत संपल्यावर त्यांना पुढे काम आहे, जागा आहे. क्लासिक जिंकणारीची चिंता करावी लागत नाही, तिला राणीसारखं ठेवतात. काळजी असते ती शेवटच्या आलेल्यांची, आणि नरांपैकी ज्यांना स्टडवर जागा नाही त्यांची. पुण्याची एक गोष्ट इथे आठवते. पूनावाला फार्मची निवृत्त घोडी मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरम बनवण्यासाठी दिली जात. त्यातूनच आपणच सीरम का बनवू नये हा विचार आला आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. निवृत्त घोड्यांच्या सांभाळासाठी क्लब आणि मालकांनी बक्षिसाच्या रकमेतून ठरावीक वाटा बाजूला काढावा, असं मला मनापासून वाटतं.

हा शेवटी जुगारच ना?

रेसवर पैसे लावले जातात हे खरं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, म्हणून तिला कायद्याने मुभा आहे. सरकार मात्र तिच्यावर कॅसिनोच्याच दराने कर लावतं. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. घरचं बजेट यात घालू नये, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. एक पैसा न लावता ओक्स पाहता येते, आणि तशी पाहिली तर नजर घोडीवरून हलत नाही.

शर्यतीआधी कार्ड कसं वाचायचं

रेसकार्डवर, म्हणजे शर्यतीच्या छापील पत्रकावर, प्रत्येक फिलीच्या नावाखाली बाप आणि आई यांची नावं असतात. आधी तीच पाहावीत. बापाची इतर मुलं २००० मीटरच्या पुढे जिंकली आहेत का? आईची आधीची शिंगरं लांब पल्ल्याची निघाली का? मग डिसेंबरची गिनीज आठवावी. तिथे जिंकलेलीपेक्षा, मागून येत शेवटच्या २०० मीटरमध्ये अंतर कापत तिसरी-चौथी आलेली फिली ओक्ससाठी जास्त लक्षात ठेवावी. १६०० मीटर तिला कमी पडले असतात.

पुढचा प्रश्न वेग कोण लावणार. कार्डावर पुढे पळायला आवडणाऱ्या दोन-तीन फिली असतील तर सुरुवात जोरात होईल आणि मागून येणारींचं फावेल. अशी एकच असेल आणि तिला कुणी हटकलं नाही, तर ती आरामात पुढे राहून शेवटी निसटू शकते.

शर्यतीआधी पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या आवारात, घोड्या गोल फिरवतात तेव्हा मान आणि कान पाहावेत. मान सैल, कान हलते, मोतद्दाराच्या बाजूने शांत चालणारी फिली दम वाचवून आहे. अंगाला फेस आला असेल, सारखी तिरकी चालत असेल, तर तिची शर्यत पॅडॉकमध्येच सुरू झालेली आहे. माद्यांच्या बाबतीत माजाचाही विचार करावा लागतो. घोडीचं चक्र साधारण २१ दिवसांचं, त्यात पाच ते सात दिवस ती माजावर असते आणि त्या दिवसांत काही जणी लक्ष देऊन पळत नाहीत. दिवस लहान असताना बऱ्याच घोड्यांचं हे चक्र थंडावतं, म्हणून जानेवारीत हा त्रास उन्हाळ्याइतका नसतो. पण ट्रेनर तारखा लिहून ठेवतात.

आणि जिंकणारीच्या आईचं नाव टिपून ठेवावं. जिंकलेली फिली त्याच वर्षी स्टडला गेली तरी शिंगरू पुढच्या वर्षी होणार आणि ते चार वर्षांचं व्हायला आणखी चार वर्षं जाणार. २०२६ च्या ओक्समध्ये पळालेल्या फिलीची स्वतःची मुलगी ओक्समध्ये दिसेल ती लवकरात लवकर २०३१ च्या जानेवारीत.